आटले की आणले : आठवीतल्या एका मुलाच्या शाळेचे प्रकरण

जानेवारी २०२३ मध्ये एक आई आपल्या आठवीतल्या मुलाला घेऊन सल्ल्यासाठी माझ्याकडे आली आणि खुर्चीवर टेकण्यापूर्वीच तिने विचारले, "मॅडम, याला शाळेतून काढून बाहेरून दहावीला बसवता येईल का?" हे कुटुंब पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या एका गावातले आहे. वडील चाकणच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहेत आणि त्यांची पाळी आठवड्याला बदलते. आई घरी शिवणकाम करते. मुलाला एक धाकटी बहीण आहे आणि घरातला थोरला म्हणून सगळेच त्याला दादा म्हणतात. त्याची ओळख उघड होऊ नये यासाठी या नोंदीतही तो दादाच राहील.

आईच्या प्रश्नाचे सरळ उत्तर 'हो' असे होते. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येते, आणि ही वाट गावोगाव माहीत आहे. तरीही मी त्या दिवशी ते उत्तर दिले नाही, कारण हा प्रश्न तिचा स्वतःचा नव्हता. शाळेतल्या कोणीतरी तिला तसे सुचवले होते. शिक्षण हक्क कायद्यामुळे तेव्हा आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवले जात नव्हते. नववीत गेल्यावर मात्र शाळेला दहावीच्या निकालाची टक्केवारी दिसू लागते आणि ज्याच्यामुळे ती घसरेल अशा मुलाला सतरा नंबरची वाट दाखवली जाते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बरीच याच वळणावर येतात. हा फॉर्म मुलाला वर्गातून बाहेर काढतो, पण अभ्यासक्रम तोच, पाठ्यपुस्तके तीच आणि प्रश्नपत्रिकाही तीच राहते. शिकवणारे कोणी नसते, एवढाच काय तो फरक. ज्याला वर्गात बसून वाचता येत नाही त्याला घरी बसून वाचता येईल, असे मानण्याला आधार काय?

दादाची ही तिसरी शाळा होती. जून २०१५ मध्ये तो जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला बसला. दुसरी संपत आली तरी त्याला ओळ सलग वाचता येईना, तेव्हा शाळा चांगली नाही असे ठरवून तिसरीला त्याला इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत घातले. तिथे दोन वर्षे गेली. फी झेपेना आणि वाचनही येईना, म्हणून पाचवीला तो अनुदानित हायस्कुलात सेमी इंग्रजीच्या तुकडीत आला, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. वर्ष संपण्याच्या सुमारास, मार्च २०२० मध्ये, शाळा बंद झाल्या. त्यानंतर सगळ्यांना एकच कारण पुरले : लॉकडाऊनमध्ये मागे पडला. हे कारण खोटे नव्हते आणि म्हणूनच ते घातक ठरले. मागे पडलेल्या वर्गात खऱ्या अडचणीचा मुलगा सहज लपतो. प्रत्येक वेळी आई-वडिलांनी काहीतरी केले, पैसे खर्च केले, कष्ट घेतले. पण मुलाला नेमके काय जमत नाही हे आठ वर्षांत कोणी बसून पाहिले नव्हते. आधी माध्यमाला दोष दिला, मग शिक्षकांना, मग मोबाइलला.

पहिल्या बैठकीत मी त्याला चौथीच्या पातळीचा एक लहान उतारा दिला. तो बोट ठेवून वाचू लागला. 'विहिरीतले पाणी आटले' हे त्याने 'विहिरीतले पाणी आणले' असे वाचले आणि पुढे गेला. ही चूक मला महत्त्वाची वाटली. त्याने शब्द वाचला नव्हता; पहिले अक्षर आणि शेवट पाहून, वाक्यात काय बसेल याचा अंदाज करून त्याने तो लावला होता, आणि पाणी आणलेच जाते, तेव्हा अंदाज चुकीचाही नव्हता. पुढच्या वाक्यात गावकरी टँकरची वाट पाहत होते. तिथे तो थांबला, मागे गेला, पुन्हा 'आणले' वाचले आणि गप्प बसला. दहा ओळींना जवळजवळ पाच मिनिटे लागली. श्रुतलेखनात 'प्रश्न'चे 'पश्न' झाले, 'शेतकऱ्याने'तला अर्धा र गळाला, आणि वेलांट्या तर पानभर इकडच्या तिकडे झाल्या होत्या.

मग मी आठवीच्या विज्ञानातला ऊर्जेवरचा एक भाग त्याला मोठ्याने वाचून दाखवला. त्याने तो एकदाच ऐकला आणि विचारलेल्या सहापैकी पाच प्रश्नांची उत्तरे तोंडी, स्वतःच्या शब्दांत दिली. ऐकून आठवीचे समजते आणि वाचून चौथीचे अडते, ही दरी एकदा दिसली की 'अभ्यासात लक्ष नाही' हे प्रगतिपुस्तकातले वाक्य निरर्थक होते. आई त्याच बैठकीत सहज म्हणाली, "मशीनचा टाका सुटायला लागला की मी यालाच हाक मारते." बॉबिन केसचा बारीक स्क्रू किती फिरवला की धागा ताणून बसतो, हे त्याला दोन वर्षांपासून ठाऊक होते, आणि ते त्याला कोणी शिकवले नव्हते.

पुढचा टप्पा औपचारिक तपासणीचा होता. आधी डोळे आणि कान तपासून घेतले, कारण चष्म्याच्या नंबरावर सुटणारी अडचण मेंदूच्या खात्यात टाकणे हा मोठाच अन्याय असतो. दोन्ही ठीक होते. त्यानंतर सरकारी रुग्णालयात बुद्धिमापन आणि शैक्षणिक चाचण्या झाल्या. बुद्ध्यंक सर्वसाधारण कक्षेत, वाचन आणि लेखन वयाच्या मानाने बरेच मागे, आणि निदान विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे बोलीत ज्याला सगळे एलडी म्हणतात ते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात या अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे. पण महाराष्ट्रात अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात त्याच्या वीस वर्षे आधी, १९९६ मध्ये झाली होती. इतक्या जुन्या तरतुदीची माहिती तालुक्याच्या पातळीवर किती थोड्या शिक्षकांना असते, हे मी दर वर्षी नव्याने पाहते. एक अडचण मात्र कागदोपत्री निघाली. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार या अक्षमतेचे प्रमाणपत्र चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासावे लागते, आणि दादा तेव्हा साडेतेरा वर्षांचा होता. त्यामुळे एकदा मार्चमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा दोन खेपा झाल्या. वडिलांनी दोन्ही वेळा रात्रपाळी करून, न झोपता, रांग धरली.

अहवाल हातात आल्यावर वडील बराच वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी विचारले, "मॅडम, म्हणजे हा ढ नाही ना?" मी नाही म्हटले. मग ते म्हणाले, "मग मी याला मारलं ते चुकलंच." माझ्याकडे याला उत्तर नव्हते आणि मी ते शोधलेही नाही.

आता पर्यायांचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला, आणि अपेक्षेपेक्षा तो अधिक गुंतागुंतीचा होता. प्रयोगशील शाळांची नावे आईने कुठून कुठून ऐकली होती : पुण्याची अक्षरनंदन, फलटणचे कमला निंबकर बालभवन, कोल्हापूरची सृजन आनंद. या शाळांनी मराठी माध्यमातून शिकवण्याची जी रीत घालून दिली तिच्याविषयी मला आदर आहे. पण नववीतला मुलगा अंतराने, खर्चाने आणि वयाने त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता, तेव्हा त्या विचारात फार वेळ घालवला नाही. घरीच शिकवण्याची सूचना एका नातेवाइकाने केली. दिवसभर मशीनवर बसणाऱ्या आईने ती ऐकून घेतली आणि हसली.

उरले ते राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे दार. १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झालेल्या या मंडळाची दहावी चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. पाच विषय घ्यायचे, त्यांत किमान एक भाषा, आणि गणित सक्तीचे नाही. एकदा नोंदणी झाली की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. लेखनिक आणि वाढीव वेळही मिळतो. प्रमाणपत्र इतर मंडळांच्या बरोबरीचे मानले जाते; अकरावीच्या प्रवेशाला स्थलांतर प्रमाणपत्र जोडावे लागते, एवढेच. दादासारख्या मुलासाठी ही रचना जणू बेतूनच केल्यासारखी दिसते, आणि मी स्वतः सुरुवातीला त्याच बाजूला झुकले होते.

त्या उन्हाळ्यात मी जर तसा सल्ला दिला असता तर तो चुकला असता, असे मला आज वाटते. मुक्त विद्यालय परीक्षा घेते, पुस्तके देते, अभ्यास केंद्रावर काही संपर्क तास असतात. रोजची शाळा मात्र ते देत नाही आणि देण्याचा दावाही करत नाही. वाचन न येणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला गावात घरी बसवून पाच पुस्तके हाती दिली, तर पहिल्या महिन्यात ती पुस्तके मशीनच्या बाजूला पडतात आणि मुलगा गॅरेजवर जाऊ लागतो. दुसरा मुद्दा गणिताचा होता. ज्या मुलाचे हात यंत्रावर चालतात त्याचे गणितच वगळले तर तंत्रनिकेतनाची वाट बंद होते, आणि आयटीआयमध्येही फिटर, इलेक्ट्रिशियन यांसारखे व्यवसाय हातचे जातात. राज्य मंडळाच्या सवलतीत गणिताऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित आणि एक कार्यानुभवाचा विषय घेता येतो. त्या सवलतीचीही हीच किंमत आहे. सवलत म्हणून जे सुचवले जाते ते कोणते दार लावून घेते, हे पालकांना त्याच बैठकीत सांगितले पाहिजे. बहुतेक वेळा ते अकरावीच्या प्रवेशाच्या खिडकीवर कळते.

म्हणून आम्ही ठरवले की नववीचे एक वर्ष त्याच शाळेत काढायचे, पण तीन गोष्टी बदलून. सेमी इंग्रजीची तुकडी सोडून पूर्ण मराठीची घ्यायची, परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मागायचा, आणि रोज संध्याकाळी एक तास फक्त वाचन, पहिल्यापासून. तुकडी बदलण्याला वडिलांचा विरोध होता. सेमीतून मराठीत येणे गावात खाली उतरल्यासारखे मानतात. पण एका भाषेतल्या अक्षरांशी झगडणाऱ्या मुलावर दुसरी लिपी आणि तिचे बेभरवशाचे स्पेलिंग लादण्यात कोणाचाच फायदा नव्हता, आणि हे त्यांना शेवटी पटले.

शाळेने लेखनिक देण्यास वेळ लावला. आमच्याकडे असा विद्यार्थी कधी नव्हता, असे उत्तर मिळाले. नसेल कसा? असेल, त्याने सतरा नंबर भरला असेल. पहिल्या घटक चाचणीत लेखनिक मिळाला नाही, सहामाहीत मिळाला. लेखनिक मुलगी आठवीची होती आणि दादा सांगेल तसे लिहीत होती. इतिहासात त्याला प्रथमच उत्तीर्णतेच्या वर गुण पडले.

वाचनाच्या तासाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण या प्रकरणात जे काही साधले त्याचा मोठा वाटा त्या तासाचा आहे. सुरुवातीचे दोन महिने दादाला बालवाडीची चित्रे असलेली पुस्तके नकोशी होती, आणि ते योग्यच होते. अक्षरगट आणि मात्रा एकेक करून पक्क्या करताना मी शब्द त्याच्या जगातून घेऊ लागले. एके दिवशी त्याने हार्डवेअरच्या दुकानातली जुनी बिले आणली. त्यांवर स्क्रू, स्प्रिंग, बेअरिंग, वॉशर, ब्रश, ग्रीस असे शब्द देवनागरीत लिहिलेले होते. जोडाक्षरे शिकवायला यापेक्षा चांगला पाठ मला सापडला नसता. 'स्क्रू'मध्ये तीन व्यंजने एकावर एक बसली आहेत, हे त्याने पेन्सिलने तोडून दाखवले आणि म्हणाला, "बाई, हे नट-बोल्टसारखं आहे. वरचा अर्धा काढला तर खालचा दिसतो." त्यानंतर 'प्रश्न' क्वचितच चुकला. वेलांटीची चूक अजूनही होते.

वाचन सुधारत होते, पण शाळा मात्र सुधारत नव्हती, निदान त्याच्यासाठी. दिवाळीनंतर त्याचे पोट सकाळी दुखू लागले, आणि नेमके मंगळवारी व शुक्रवारी, ज्या दिवशी वर्गात प्रकट वाचन असे. जानेवारीत त्याचे अकरा दिवस बुडाले. मुख्याध्यापकांना मी भेटले. ते भले गृहस्थ होते, त्यांनी प्रकट वाचनातून त्याला वगळण्याचे मान्य केले, आणि मग वर्गाने त्याला त्यावरून चिडवायला सुरुवात केली. वर्गातली जागा टिकवण्याचा आग्रह सोडण्याची वेळ आली आहे, हे मला तेव्हा मान्य करावे लागले. फरक इतकाच होता की आता त्याला सहावीच्या पातळीचे पुस्तक हळू का होईना वाचता येत होते, आणि आपल्याला काय होते आहे हे तो स्वतः सांगू शकत होता. त्यामुळे या वेळचे बाहेर पडणे आणि वर्षापूर्वीचे बाहेर पडणे यांत अंतर होते.

पाबळच्या विज्ञान आश्रमाचे नाव वडिलांनी काढले. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याकडून त्यांनी ते ऐकले होते. शिरूर तालुक्यातल्या या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये हे काम सुरू केले. हाताने काम करता करता बुद्धी चालते आणि गावाच्या गरजा हाच अभ्यासक्रम होऊ शकतो, या विचारावर तिथला मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम उभा आहे. त्याला मुक्त विद्यालयाची व्यावसायिक अभ्यासक्रम म्हणून मान्यता आहे आणि प्रवेशाला दहावीची अट नाही. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य अशा चार विभागांत मुले आळीपाळीने काम करतात. लातूरच्या १९९३ च्या भूकंपानंतर ज्यांचा उपयोग झाला ते पाबळचे घुमट, म्हणजे घुमटाच्या आकाराची घरे, इथलेच. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीबाहेरची पहिल्या काळातली फॅब लॅब, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर वस्तू बनवण्याची कार्यशाळा, २००२ मध्ये इथे आली, हे मी सांगितले तेव्हा दादाला त्याचे विशेष काही वाटले नाही. वेल्डिंगचे यंत्र रोज हाताळायला मिळेल का, एवढेच त्याने विचारले.

आईची शंका वेगळी होती. "तिथं गेला की शिक्षण सुटलं, असंच लोक धरतील ना?" ही शंका मी झटकून टाकली नाही. एका वर्षाचा कौशल्याचा अभ्यासक्रम दहावीची जागा घेत नाही, आणि दहावीचे प्रमाणपत्र या राज्यात अजून पुष्कळ ठिकाणी अडवते. म्हणून २०२४ मध्ये पाबळचा प्रवेश आणि मुक्त विद्यालयाच्या दहावीची नोंदणी अशा दोन्ही गोष्टी एकदम केल्या. विषय निवडले ते मराठी, विज्ञान, सामाजिक शास्त्र, गृहविज्ञान आणि चित्रकला. गणित पहिल्या पाचांत ठेवले नाही, पण नंतर जादा विषय म्हणून घेता येते ही सोय लक्षात ठेवली, आणि तो निर्णय दादाने स्वतः घ्यावा असे ठरले.

त्या वर्षात मी त्याला तीनदा भेटले. तिथे रोज दैनंदिनी लिहावी लागते आणि बनवलेल्या प्रत्येक वस्तूचा खर्च काढावा लागतो. पहिल्या महिन्यातल्या नोंदी दोन-दोन ओळींच्या आहेत. सहाव्या महिन्यात पान भरते आणि आकृत्यांना मोजमापे दिसतात. शुद्धलेखन सदोष आहे, पण 'वेल्डिंग रॉड' प्रत्येक ठिकाणी बरोबर लिहिला आहे. आईच्या शिलाई मशीनसाठी त्याने लोखंडी अँगलचा स्टँड केला. त्याच्या खर्चाच्या तक्त्यात अँगल, रॉड, रंग, वीज असे सगळे रकाने भरले होते आणि मजुरीचा रकाना कोरा होता. स्टँड घरचा आहे म्हणून, असे त्याने सांगितले. शिक्षकांनी तो रकाना भरायला लावला. टक्केवारीचे गणित त्याला इथे प्रथम कळले, कारण वाया गेलेले लोखंड टक्क्यांत मांडायचे होते. वर्गात हाच धडा तीन वर्षे झाला होता.

सगळेच जमले असे मात्र नाही. वसतिगृहात पहिले दोन महिने त्याला जड गेले आणि एकदा तो न सांगता एसटीने घरी आला. वाचनाचा रोजचा तास तिथे तसाच चालू ठेवता आला नाही. फोनवरून आठवड्याला दोनदा आम्ही तो ओढत राहिलो, आणि वाचनाचा वेग त्या वर्षात फारसा वाढला नाही. ही या मार्गाची त्रुटी आहे आणि ती मी आधी ओळखायला हवी होती. काम करून शिकणाऱ्या मुलालाही वाचन वेगळे शिकावे लागते, ते कामातून आपोआप येत नाही.

एप्रिल-मे २०२५ च्या परीक्षेत लेखनिक घेऊन तो गृहविज्ञान, चित्रकला आणि विज्ञान यांत उत्तीर्ण झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या फेरीत तो मराठीत उत्तीर्ण झाला, सामाजिक शास्त्र पाच गुणांनी राहिले. सध्या तो तालुक्याच्या गावी एका फॅब्रिकेशनच्या दुकानात अर्धा दिवस काम करतो आणि दुपारनंतर वाचन व सामाजिक शास्त्र करतो. आयटीआयच्या वेल्डर व्यवसायाला आठवीवरही प्रवेश मिळतो, हे वडिलांनी चौकशी करून आणले आहे. त्याला स्वतःला फिटर व्हायचे आहे, आणि त्यासाठी गणित लागते हे कळल्यावर त्याने जादा विषयाचा अर्ज माझ्याकडून समजून घेतला. अर्जावर नाव, जन्मतारीख आणि विषय त्याने स्वतः भरले. 'गणित'ची वेलांटी त्याने दीर्घ काढली, खोडली, आणि ऱ्हस्व केली. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची पुढची तपासणी अठराव्या वर्षी, म्हणजे सप्टेंबर २०२७ नंतर आहे.